पुण्याचे कॉलेज आणि घरची मोटार

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि सांगली, सोलापूर, लातूर किंवा जळगाव येथील एखाद्या मुलाचे वा मुलीचे नाव पुण्याच्या महाविद्यालयाच्या यादीत झळकले, म्हणजे पुढचे पंधरा-वीस दिवस त्या घरात जी खलबते चालतात, त्यांत वसतिगृह, मेस, बँकेचे खाते आणि गादी-उशी यांच्याबरोबर अलीकडे आणखी एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे दारातील मोटार मुलाबरोबर धाडावी की नाही. एका पिढीपूर्वी हा प्रश्न फार थोड्या तालेवार घरांपुरता होता. विद्यार्थ्याबरोबर जावयाची ती सायकल, आणि पुढे पुढे मोपेड वा स्कूटर, एवढीच मध्यमवर्गाची झेप असे. आता तालुक्याच्या गावीही बहुतेक बऱ्या स्थितीतील घरात मोटार असते. नवी घेण्याचे मनात आले की जुनी कोणाच्या तरी पदरी घालावयाची असते, आणि त्या कामी सर्वांत सोयीचा पदर पुण्यास निघालेल्या अपत्याचा. आईला वाटते, दुचाकीपेक्षा चार चाकांत पोर सुखरूप राहील. वडिलांना वाटते, सुट्टीला येणे-जाणे सुलभ होईल. चिरंजिवांना काय वाटते, ते विचारण्याची कोणास गरजच भासत नाही.

कायद्याची बाजू प्रथम उरकून घेणे बरे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार चालविण्यास वयाची १८ वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि बारावी उतरलेल्यांपैकी पुष्कळांची ती कॉलेज सुरू होताना पुरी झालेली नसतात. पुरी झाल्यावरही आधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो, त्याची मुदत ६ महिने असते, आणि तो मिळून ३० दिवस लोटल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. ‘थोडे दिवस असेच चालवू दे, तेवढ्यात काय होते,’ असे म्हणणाऱ्या पालकांनी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९९अ एकदा वाचून पाहावे. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला वा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांपुरती रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवान्याची बंदी, असा त्याचा आशय आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात झालेल्या ज्या अपघातात दोन तरुण अभियंते प्राणास मुकले, त्यात मोटार १७ वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचा आरोप होऊन वडिलांनाही अटक झाली, हे वृत्त महाराष्ट्रात कोणी विसरले असेल असे वाटत नाही. बेळगाव-निपाणीकडच्या किंवा गोव्याच्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक कलम आहे: एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे पणजीची मोटार पदवी होईपर्यंत पुण्यास ठेवावयाची, तर परिवहन कार्यालयाचे उंबरठे झिजविण्याची तयारी आधीच असावी. सांगलीच्या एमएच-१० ला किंवा सोलापूरच्या एमएच-१३ ला ही अडचण नाही.

पण माझ्या मते खरा मामला कायद्याचाही नाही आणि चालविण्याचाही नाही. तो उभे राहण्याचा आहे. विद्यार्थ्याची मोटार दिवसाकाठी तास-दीड तास फिरली तर फार झाले. उरलेले बावीस-तेवीस तास ती कोठे तरी उभी असणार, आणि ती कोठे उभी राहील याचे उत्तर हाती नसताना तिच्याविषयी जे जे ठरविले जाते ते हवेतले ठरते. महाविद्यालयांची वसतिगृहे मोटारीला क्वचितच थारा देतात. सदाशिव किंवा नारायण पेठेत, डेक्कनवर वा कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत जो विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर राहतो, त्याला मालकाकडून मिळते ती एक खाट, एक कपाट आणि गिझर किती वेळ चालू ठेवावा याची सूचना. जुने वाडे पाडून उभारलेल्या इमारतींच्या तळमजल्यावरील जागा सदनिकाधारकांत कधीच वाटली गेलेली असते. दुचाकीपुरता कोपरा शेजाऱ्यांच्या भलेपणावर मिळून जातो, मोटारीपुरता मात्र कोणाचाच भलेपणा पुरत नाही.

मग उरतो रस्ता. मध्यवर्ती पुण्याच्या पुष्कळ रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या दिसतात. विषम तारखेस एका बाजूला आणि सम तारखेस दुसऱ्या बाजूला वाहन उभे करावे, असा त्यांचा अर्थ. ही तजवीज दुकानदारांच्या न्याय्य वाटणीसाठी ठीक असली, तरी रस्त्यावरच वस्तीला असलेल्या मोटारीच्या मालकाला ती रोज एक पाळी लावून देते. (३१ तारखेनंतर १ येते आणि दोन्ही विषम, तेव्हा अशा महिन्याच्या अखेरीस तेवढी एक दिवसाची उसंत.) सत्रपरीक्षेच्या आदल्या रात्री ही बाजूबदल कोणी करावी, किंवा दिवाळीला रेल्वेने घरी गेल्यावर किल्ली कोणाच्या हवाली करावी, याची व्यवस्था कोणत्याही विवरणपत्रात दिलेली नसते. चुकले तर पोलिसांची क्रेन येते, जॅमर बसतो, किंवा नुसतेच छायाचित्र निघून ई-चलान होते. नोंदणी वडिलांच्या नावे असल्याने त्या चलानाचा संदेश सांगलीस वडिलांच्या भ्रमणध्वनीवर जातो, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुलाची मोटार वर्गापासून किती दूर होती, हे त्यांना ठिकाण-वेळेसह कळते. कित्येक घरांतले वादविवाद या एका सोयीने वाढविले आहेत.

फुकटची जागा म्हणून नवखे लोक नदीपात्राकडे वळतात. डेक्कनजवळ मुठेच्या पात्रात उन्हाळ्यात ऐसपैस जागा दिसते खरी. पण पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणातून विसर्ग वाढविला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ताही त्याच्या मागोमाग. महाविद्यालये उघडण्याचा हंगाम आणि धरणे भरण्याचा हंगाम एकच, ही गोष्ट परगावच्या माणसाला पहिल्या वर्षी ठाऊक नसते. गणेशोत्सवात व पालख्यांच्या मुक्कामात मध्य शहरातील रस्ते वाहनांस बंद होतात, ते निराळेच.

आता जाण्यायेण्याचे पाहू. फर्ग्युसन, बीएमसीसी, गरवारे, स. प. आणि शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही सारी एकमेकांपासून थोडक्या अंतरावर आहेत, कारण ती ज्या काळात उभी राहिली त्या काळात, म्हणजे १८५४ ते १९४५ या दरम्यान, विद्यार्थी पायी किंवा सायकलने येणार हे गृहीत होते. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता हे दोन्ही आज एकदिशा आहेत. त्यामुळे पायी दहा मिनिटांच्या ठिकाणी मोटारीने पोचण्यास मोठा वळसा पडतो, आणि पोचल्यावर जागेचा शोध सुरू होतो. याउलट ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय एवढ्या तुकड्याने सुरू झालेली मेट्रो आता रामवाडीपर्यंत गेली आहे, आणि पिंपरी-चिंचवडहून येणारी दुसरी मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटला पोचली. दोहोंची गाठ जिल्हा न्यायालय स्थानकात पडते. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलतही ठेवलेली आहे. म्हणून नळ स्टॉप, आनंदनगर, खडकी किंवा येरवडा येथे स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर खोली मिळाली, तर पुण्याच्या मध्यभागातील कोणत्याही महाविद्यालयात जाण्याचा प्रश्न बराचसा निकालात निघतो.

बसविषयी मात्र इतके गोड बोलता येत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन संस्था २००७ साली एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. त्याआधी वर्षभर, २००६ मध्ये, बससाठी राखीव मार्ग करण्याचा देशातील पहिला प्रयोग याच शहराने केला, आणि पुढे कित्येक रस्त्यांवरून तो उखडूनही टाकला. थांब्यावर उभे राहून बसची वाट पाहण्यात पुण्याच्या विद्यार्थ्याने जेवढा संयम कमावला आहे, तेवढा अन्य कोणत्याही अभ्यासक्रमाने त्याला दिला नसेल. याच कारणाने सायकलींचे म्हणून गाजलेले हे शहर पाहता पाहता दुचाकींचे झाले.

येथे आईची भीती गंभीरपणे घ्यावयास हवी. धडक बसल्यास मोटारीचा पत्रा आणि पट्टा शरीराचे जे रक्षण करतात, ते दुचाकीवर होत नाही, आणि हेल्मेटच्या सक्तीला पुणेकरांनी जेवढा तात्त्विक विरोध केला आहे तेवढा बहुधा कोणत्याच कायद्याला केला नसेल. परंतु विद्यार्थ्याच्या हाती मोटार आली म्हणजे दुचाकीवरचा तोच प्रवास मोटारीत सुरक्षितपणे होतो, असे घडत नाही; प्रवासच बदलतो. मोटार असलेला मुलगा महिन्याभरात मित्रमंडळींचा सारथी होतो. रात्री अकरा वाजता कोणाला तरी लोणावळ्याचा चहा आठवतो, शनिवारी पहाटे सिंहगड, रविवारी मुळशी, आणि पाचांच्या जागी सात जण बसलेल्या त्या मोटारीचे चक्र परवाना मिळून सहा महिनेही न झालेल्या हातात असते. ‘नाही’ म्हणणे एकोणिसाव्या वर्षी कठीण. आणि चावी एकाला दिली की दुसऱ्याला नाकारता येत नाही. विमा वडिलांच्या नावे, परवाना मित्राच्या खिशात आहे की नाही हे कोणी पाहिलेले नाही, अशा स्थितीत काही विपरीत घडले तर भरपाईचा बोजा कोणावर येतो, याचा विचार आईने सुरक्षिततेच्या त्याच पारड्यात घालावा.

खर्चाचा हिशेब लोक बहुधा पेट्रोलपासून सुरू करतात, आणि तेथेच थांबतात. १००० ते १५०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या खासगी मोटारीस त्रयस्थ पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये. स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. परंतु सर्वांत मोठा खर्च खिशातून निघताना दिसतच नाही. विमा कंपन्या वाहनाचे मूल्य ठरविताना जी घट धरतात, ती पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि चौथे उलटून पाचवे लागताच ५० टक्के अशी चढत जाते. आठ लाखांची नवी मोटार अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी घेऊन दिली, तर चिरंजीव पदवीधर होऊन बाहेर पडताना कागदावर तिचे चार लाख उरतात. म्हणजे वर्षाला लाख रुपये, आणि ते मुख्यतः उभे राहण्याचे. घरच्या जुन्या मोटारीची ही झीज आधीच होऊन गेलेली असते, म्हणून ती धाडण्यात शहाणपण अधिक, एवढे मान्य करतो.

सुट्टीच्या प्रवासाचेही तसेच. पुणे-कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. जाऊन-येऊन तीस लिटरच्या आसपास पेट्रोल, शिवाय खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके दोन्ही वेळा. चौघे वाटेकरी मिळाले तर हा खर्च जड नाही. एकट्याला तो जड आहे, आणि खंबाटकीचा घाट रात्री एकट्याने उतरणे हे खर्चाहून जड आहे. सोलापूरकरांना हुतात्मा, सांगली-कोल्हापूरकरांना कोयना आणि महालक्ष्मी, आणि सर्वांनाच एसटी आहे. तीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते. वाचलेल्या रकमेचा सर्वांत चांगला विनियोग कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी सांगेन की महाविद्यालयाच्या अधिक जवळची, थोडी महाग खोली घ्यावी. दरमहा दोन-तीन हजार अधिक भाडे देऊन रोजचे दीड-दोन तास मोकळे होतात.

याला अपवाद आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. लवळे, लोणी काळभोर, तळेगाव, वाघोली अशा कडेच्या गावी ज्यांची महाविद्यालये आहेत, त्यांना उभे करण्याची जागा संस्थेच्या आवारात मिळू शकते आणि बसचा भरवसा मात्र कमी असतो. रात्रपाळी करणाऱ्या वैद्यकीय निवासी डॉक्टरांचे गणित पदवीच्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळे असते. आणि ज्या विद्यार्थ्याला चालण्याची अडचण आहे, त्याच्यासाठी फेरफार करून घेतलेली मोटार हीच वर्गात पोचण्याची एकमेव खात्रीची वाट असू शकते. पुण्याचे पदपथ पाहता त्याच्याशी हुज्जत घालण्याचा अधिकार कोणासच नाही. त्याने मोटार अवश्य न्यावी, आणि महाविद्यालयाकडे दाराजवळची जागा लेखी अर्जाने मागावी.

बाकीच्यांनी निदान पहिले सत्र मोटारीवाचून काढावे. शहर पायाखालून गेल्यावर, खोली पक्की झाल्यावर आणि वर्गाची वेळ कळल्यावर दिवाळीच्या सुट्टीत हा विषय पुन्हा घरच्या बैठकीत घेता येतो, आणि तेव्हा तो घेणाऱ्याला आपण कशाविषयी बोलतो हे ठाऊक असते. तोवर गाडी गावीच चालवून हात तयार करावा, म्हणजे परवाना नुसता खिशात पडून राहत नाही. दिवाळीनंतरही मोटार न्यावयाचीच ठरली, तर भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार, जो महाराष्ट्रात लेखी आणि नोंदलेलाच असावा लागतो, त्यात मोटार उभी करण्याची जागा तिच्या क्रमांकासह लिहून घ्यावी. मालक जर म्हणाला की करारात कशाला, इमारतीत सगळे ओळखीचेच आहेत, तर खोली घ्यावी आणि किल्ली वडिलांकडे परत द्यावी.