थेंब पडतो तिथे गळत नसतं

ट्रक उभा होता त्या जागी डिझेलचा डाग दिसला की नजर आधी जाते ती डागाच्या बरोबर वर. तिथला एखादा नट ओला दिसतो, तो आवळला जातो आणि चार दिवसांनी डाग पुन्हा हजर होतो. बिचाऱ्या नटाचा यात काही दोष नसतो. डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ते धातूवर गोळा होऊन थांबत नाही. पाइपच्या खालच्या अंगाने ते सरकत जातं, पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो आणि सोयीची कड मिळाली की तिथून टपकतं. सेकंदाला एकच थेंब, आणि मिलिलिटरला चाळीस थेंब धरले, तरी तासाला ९० मिलिलिटर डिझेल रस्त्यावर जातं.

जाणता मिस्त्री म्हणूनच आधी इंजिन धुऊन कोरडं करतो. संशयाच्या जोडांवर खडूची भुकटी भुरभुरतो, इंजिन चालू करतो आणि सगळ्यांत वरचा, सगळ्यांत आधी ओला होणारा जोड हेरतो. खाली काय ओलं झालंय, याकडे तो पाहतसुद्धा नाही.

पण नुसत्या डोळ्यांवर भागत नाही. गळतीचं सगळं गणित दाबाचं आहे आणि एकाच इंजिनात डिझेल तीन निरनिराळ्या दाबांतून जातं. टाकीपासून फीड पंपापर्यंत दाब हवेच्या दाबाहूनही कमी, कारण तिथे डिझेल ओढलं जातं. फीड पंपापासून फिल्टरमार्गे पुढे काही बार. आणि मुख्य पंपापासून नोजलपर्यंत शेकडो बार; आजच्या कॉमन रेल इंजिनांत तर २००० बारच्या आसपास. मारियाना गर्तेच्या तळाशी समुद्राचा दाब साधारण ११०० बार असतो, यावरून काय ते समजावं.

यातला सगळ्यांत फसवा भाग पहिला. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर भोक पडलं तर पाणी बाहेर सांडत नाही, हवा आत जाते, इथेही तेच. खाली थेंबही पडत नाही. सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं जुन्या घडणीचं कमिन्स इंजिन घ्या. सकाळी ते सुरू होतं, काही सेकंद चालतं आणि बंद पडतं. रात्रभरात कुठल्याशा सैल क्लिपमधून किंवा चिरलेल्या होजमधून हवा शिरलेली असते आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरलेलं असतं. नोजलची सुई उघडायला दोनशे-अडीचशे बार लागतात. हवा दाबली की नुसती आकसते, तेवढा दाब तयारच होत नाही. ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात ती ही अवस्था. हँडपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत एअर काढली की गाडी चालू लागते, पण दुखणं जिथल्या तिथे राहतं. खरी तपासणी सोपी आहे: फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडायचा. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. न दिसल्यास पुढे शोधायचं. एवढं न करता थेट पंप उतरवायला सांगणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा जाऊ नये, असं माझं मत आहे.

कधी गळती आतल्या आत होते. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वास घ्या.

रबराची गोष्ट मात्र रसायनशास्त्राची. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत महामार्गावरच्या वाहनांसाठी कमी गंधकाचं डिझेल सक्तीचं झालं आणि जुन्या गाड्यांचे पंप गळू लागले. दोष गंधक गेल्याचा नव्हता. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली अ‍ॅरोमॅटिक संयुगंही कमी होतात. नायट्राइल रबराची ओ-रिंग हीच संयुगं शोषून फुगलेली असते आणि त्या फुगण्यानेच फट बंद राहते. नव्या डिझेलने ती शोषलेली संयुगं ओढून घेतली आणि रिंगा आकसल्या. ताज्या रिंगा तगल्या. वर्षानुवर्षं उष्णतेत कडक झालेल्या हरल्या. भारतातही १ एप्रिल २०२०पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं आहे. जुना पंप उघडलाच असेल तर फ्लुओरोइलास्टोमरच्या, म्हणजे दुकानात ‘व्हायटॉन’ म्हणून मिळणाऱ्या रिंगा टाकाव्यात.

बाकी दुरुस्ती बहुधा स्वस्त असते. बँजो बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर असतात. तांबं मऊ, म्हणून ते दबून बारीक खाचा भरतं. पण एकदा दबलं की कडक होतं. जुना वॉशर लाल तापवला की पुन्हा मऊ होतो, हे खरंच. त्यावरचे ओरखडे आणि कमी झालेली जाडी मात्र तशीच राहते. नवा टाकावा. गळती थांबेना म्हणून पाना आणखी आवळला तर आटे जातात. उच्च दाबाच्या पोलादी पाइपला चीर पडली असेल तर झाळ मारून चालत नाही, पाइपच बदलायचा आणि त्याचा क्लॅम्प आठवणीने परत लावायचा. क्लॅम्पविना पाइप थरथरतो आणि पुन्हा चिरतो.

अशा चिरेतून डिझेल तुषार होऊन उडतं. साधारण २५० अंश सेल्सिअसला ते ठिणगीशिवायही पेटू शकतं आणि भाराखालचा टर्बो त्याहून कितीतरी जास्त तापतो. ही गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. कॉमन रेलचा नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तो तुषार कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं कुणाला झालं तर थांबू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे.