ध्वनिमुद्रणाचा धंदा आणि जुना कॉम्प्युटर
हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढे करून पाहा

नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील आमच्या परिचयाचा एक तरुण घराच्या वरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. शाळांच्या गॅदरिंगची गाणी, नात, दुकानांच्या जाहिराती, ऑटोवर भोंगा लावून फिरवायच्या घोषणा, असे त्याचे काम. गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील आमच्याकडे आले. हातात एका दुकानाचे कोटेशन होते. नवा कॉम्प्युटर, नवे सॉफ्टवेअर आणि पैसे चोवीस हप्त्यांत. मुलाचा जुना कॉम्प्युटर गाणे वाजवताना करकर करतो, मध्येच अडकतो आणि गिऱ्हाईक परत जाते, असे त्यांचे म्हणणे. "पोराचा धंदा चालवायचा असेल तर सही करावीच लागेल ना?" असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले.

हाच प्रश्न आज अनेक घरांत असेल. म्हणून त्या आठ दिवसांत काय आढळले आणि काय केले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोष कोठे होता?

कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. प्रोसेसर आय-थ्री, मेमरी चार जीबी, साधी हार्ड डिस्क. झाकण उघडले तेव्हा पंख्यावर धुळीचा जाड थर निघाला. नागपूरचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. प्रोसेसर फार तापला की जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःहून आपला वेग कमी करतो. मालकाला वाटते कॉम्प्युटर म्हातारा झाला. प्रत्यक्षात तो तापलेला असतो. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली आणि निम्मी करकर त्याच दिवशी गेली.

दुसरा दोष सेटिंगमध्ये होता. आवाज मुद्रित करताना कॉम्प्युटर तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. या मुलाने कोणाचे तरी ऐकून ती ९६,००० वर नेली होती. म्हणजे काम दुपटीहून अधिक, आणि शेवटी तो आवाज वाजणार ऑटोच्या भोंग्यावर! ४४,१०० आणि २४ बिटवर एका आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे आठ एमबी जागा लागते. ९६,००० वर तीच सतरा एमबींच्या पुढे जाते. दहा ट्रॅक असले की जुनी डिस्क धापा टाकू लागते. आपल्या कामाला ४४,१०० पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याची. मुलाने बाराही ट्रॅकवर वेगवेगळा रिव्हर्ब लावला होता. हा हिशेब प्रोसेसरला फार जड जातो. एकच रिव्हर्ब सामाईक ठेवून सगळे ट्रॅक थोडे थोडे त्याकडे वळवले की काम एका रिव्हर्बमध्ये भागते. शिवाय गाणेही एका खोलीत गायल्यासारखे वाटते. ज्या ट्रॅकचे काम संपले तो 'फ्रीझ' करावा. म्हणजे सर्व परिणामांसह त्याची तयार ध्वनिफाईल बनते आणि प्रोसेसर मोकळा होतो.

गायकाला आवाज उशिरा का ऐकू येतो?

हेडफोनमध्ये आपला आवाज मागाहून येतो, ही गायकांची नेहमीची तक्रार. याचे कारण 'बफर'. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. बादली १०२४ नमुन्यांची असेल तर ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे तबलजी पंचवीस-सव्वीस फूट दूर बसल्यासारखा होतो. बादली २५६ नमुन्यांची केली की हा वेळ सहा मिलिसेकंदांहून कमी होतो, म्हणजे तबलजी दोन मीटरवर आला. मात्र लहान बादली सारखी उचलावी लागते आणि जुने यंत्र दमून करकर करू लागते. म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा व परिणाम बंद करावेत, आणि मिक्सिंगच्या वेळी बफर मोठा करावा. आवाज आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा हा वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. विंडोजवर 'एसिओ फॉर ऑल' हा मोफत ड्रायव्हर घातल्यास जुन्या साऊंड कार्डावरही हा उशीर पुष्कळ घटतो.

कमी मेमरीत काम होते काय?

अटारी कंपनीचा एसटी हा कॉम्प्युटर १९८५ साली बाजारात आला. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये मेमरी होती अवघी ५१२ केबी. आज ज्या चार जीबीला आपण नावे ठेवतो ती तिच्या आठ हजार पटींहून अधिक आहे. त्या यंत्राला वाद्ये जोडण्याची मिडी ही सोय होती. क्यूबेस हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर १९८९ साली प्रथम त्याच यंत्रासाठी निघाले. युरोपातील कित्येक कलावंतांनी त्यावर काम केले. अर्थात ते यंत्र आवाज साठवत नव्हते. कोणता सूर केव्हा वाजवायचा एवढीच आज्ञा ते बाहेरच्या वाद्यांना देत असे. पण धडा तोच आहे. यंत्राला झेपेल तेवढेच काम त्याला द्यावे, बाकीचे दुसऱ्याकडून करून घ्यावे.

आपल्याकडे ते दुसरे म्हणजे वादक. शेकडो एमबींची तबल्याची नमुनाफाईल मेमरीत कोंबण्यापेक्षा मोहल्ल्यातला तबलजी बोलवावा. त्यालाही चार पैसे मिळतील आणि कॉम्प्युटरवर भारही पडणार नाही. नागपुरातील बरेचसे काम माणसाच्या गळ्याचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीच्या दसऱ्याच्या मेळाव्यात वर्षानुवर्षे भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीडी विकल्या गेल्या. ताजबागेच्या उरुसात कव्वाली होते. गायक, ढोलक, हार्मोनियम, टाळी यांना दहा-बारा ट्रॅक पुरतात.

खर्च करायचाच तर कोठे?

आम्ही त्या घरी दोनच वस्तू घ्यायला सांगितल्या. मेमरी चारवरून आठ जीबी, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. दोन्हींचा मिळून खर्च नव्या यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होता. मेमरी घेताना यंत्रात डीडीआर-३ बसते की डीडीआर-४ हे आधी पाहावे, एक दुसरीच्या जागी बसत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वर मेमरी घालून उपयोग नाही. आधी ६४ बिटची घालावी. जुनी हार्ड डिस्क फेकू नये, पण तिच्यावर विसंबूही नये. गिऱ्हाईकाच्या कामाच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

पैसा उरला तर तो माइकवर आणि खोलीवर लावावा. भिंतीला गाद्या व रजया टांगल्या तरी घुमणे कमी होते. घरात अर्थिंग नीट नसेल तर मुद्रणात सतत हुं असा गुंजारव येतो. तो सॉफ्टवेअरने काढण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्यावा. आणि आपला नागपुरी कूलर! तो चालू असेल तर महागातला माइकही त्याचीच घरघर टिपील. उन्हाळ्यात फजरनंतरचे दोन तास मुद्रणाला सर्वांत चांगले. तेव्हा रस्ता शांत असतो आणि यंत्रही थंड असते.

चोरीचे सॉफ्टवेअर

त्या कॉम्प्युटरवरचे महागडे सॉफ्टवेअर मित्राकडून आणलेली फुकट प्रत होती. "सगळे हेच वापरतात, चाचा," असे मुलगा म्हणाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी अशा प्रतींतून व्हायरस येतो आणि यंत्र मंदावते, ते वेगळेच. जी रोजी आपण प्रामाणिक मेहनतीची म्हणतो तिचा पायाच चोरीचा असावा काय?

पर्याय आहेत. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत मिळते. घोषणा, जाहिरात व भाषणाच्या संकलनासाठी ते उत्तम. अनेक ट्रॅकच्या कामाला रीपर घ्यावे. ते आकाराने लहान आहे, जुन्या यंत्रावर हलके चालते आणि साठ दिवस वापरून पाहता येते. पुढे लहान व्यावसायिकासाठी परवाना साठ डॉलरांचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणून यंत्र भंगारात द्यावे असे नाही. मुद्रणाचे यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावे, किंवा त्यावर मोफत लिनक्स घालावे. रीपर आणि ऑडॅसिटी दोन्ही त्यावर चालतात.

हप्त्याचा हिशेब

कोटेशनवर 'शून्य टक्के व्याज' असे मोठ्या अक्षरांत छापले होते. खाली बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी होती आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नव्हती. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज किमतीत लपते एवढेच. शिवाय गॅदरिंगचे काम हिवाळ्यात असते आणि हप्ता मात्र जून-जुलैतही द्यावा लागतो.

जुने यंत्र सर्वच कामांना पुरेल असा आमचा दावा नाही. चित्रफितीचे संकलन किंवा मोठ्या वाद्यवृंदाच्या नमुनाफाईलींचे काम नियमित मिळू लागले तर नवा कॉम्प्युटर घ्यावाच. परंतु तो त्या कामाच्या कमाईतून घ्यावा. काम येईल या आशेवर कर्ज काढून घेऊ नये.

त्या मुलाने आठव्या दिवशी आम्हाला एक नात ऐकवली. चौदा ट्रॅक होते, करकर कोठेही नव्हती. वडिलांनी कोटेशनचा कागद घडी करून खिशात ठेवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. मुलाने एक वही केली आहे. तीत तो रोजच्या कमाईतून नव्या यंत्रासाठी बाजूला काढलेली रक्कम लिहितो. ज्या वाचकांच्या घरी असे कोटेशन येऊन पडले असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी जुन्या कॉम्प्युटरचे झाकण एकदा उघडून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.