गाडीवर आहेस का?

गाडी चालवताना मोबाइल बघू नये, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. चालवणाऱ्याला सांगून झालं, दंड लावून झाला, पाट्या लावून झाल्या. म्हणून आज आपण फोनच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलू. मोटरसायकलवरच्या माणसाच्या खिशातला तो फोन वाजवतं कोण? पुष्कळदा आपणच. "कुठवर आलात?" "येताना तेलाची पिशवी आणा." "पोरीला घेतलं का?" काळजीपोटी लावलेला फोन असतो, त्यात वाईट हेतू काही नाही. पण घरचा फोन म्हटला की माणूस तो उचलतोच, मग हात हँडलवर असो की स्टेअरिंगवर.

जरा हिशेब मांडू. गटाची वही लिहिणाऱ्या बायांना तो अवघड नाही. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. कुणाचा फोन आहे ते बघायला तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर. कबड्डीची अडीच मैदानं डोळे झाकून ओलांडल्यासारखं झालं. वेग ६० असेल तर तेवढ्याच वेळात ५० मीटर. आता आपला रस्ता डोळ्यांपुढे आणा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूरचा महामार्ग अक्कलकुव्याहून तळोद्याला येतो आणि पुढे शहाद्याला जातो. त्यावर गुजरातकडचे अवजड ट्रक आहेत. हंगामात उसाच्या ट्रॉल्या नि बैलगाड्या असतात, आणि त्यांतल्या कितींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असतो ते तुम्ही बघितलंच आहे. संध्याकाळी अशी गाडी दिसते तीच जवळ आल्यावर. तिथे तीन सेकंद फार होतात.

घाटाची गोष्ट आणखी वेगळी. धडगावकडून चांदसैली घाटाने उतरताना मध्ये रेंज जाते. मग एखाद्या वळणावर ती परत येते, आणि इतका वेळ अडकलेले सगळे मेसेज एकदम टिंग टिंग करत येऊन पडतात. 'तुम्हाला इतक्या वेळा फोन आला होता' असाही मेसेज त्यात असतो. चालवणाऱ्याला वाटतं, घरी काही झालं की काय! आणि तो बघतो. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि नजर खिशाकडे. फोन लागत नाही म्हणून आपण घरून पुन्हा पुन्हा लावत बसतो, त्याचा ढीग त्याच्यापुढे असा त्या वळणावर येतो.

"आमचे हे कानात वायर घालून बोलतात, हात मोकळे असतात," असं काही जणी म्हणतील. हात मोकळे असतात, डोकं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका जवळपास चौपट असतो, आणि कानात वायर घातल्याने तो फारसा कमी होत नाही. बोलण्यात गुंतलेल्याची नजर रस्त्यावर असते, पण समोर आलेली शेळी त्याच्या ध्यानात येत नाही. मग शेजारी बसून बोललेलं कसं चालतं? शेजारच्याला रस्ता दिसत असतो. वळण आलं, समोरून ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो. घरून फोनवर बोलणारीला वळण दिसत नाही, ती तेलाचा भाव सांगतच राहते.

ओढणीत किंवा स्कार्फमध्ये कानाशी फोन खोचून स्कूटी चालवणाऱ्या आपल्याही पोरी आहेत. त्यांनाही हेच लागू.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. दर शंभरात ४४ दुचाकीवरची. त्यांतली फोनपायी किती, याचा आकडा सरकारी अहवालात असतो, पण तो कमीच असणार असं आम्हाला वाटतं. मी फोनवर बोलत होतो, हे नंतर कोण कबूल करणार?

कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधायला फोनवरचा नकाशा लावता येतो, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

आता आपल्या हातातलं. फोन उचलला की 'हॅलो'नंतरचं आपलं पहिलं वाक्य ठरवून टाकू: "गाडीवर आहेस का?" हो म्हटलं की "थांबल्यावर कर" एवढं बोलून आपणच कट करायचा. राग मानायचा नाही, नंतर "माझा फोन का नाही घेतला" म्हणायचं नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे. घरातून निघतानाच ठरवावं की निघताना एक फोन आणि पोचल्यावर एक, मधे नाही. सामानाची यादी कागदावर लिहून द्यावी.

खरंच अडचण आली तर? त्यासाठी एक सोय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' असतं, मराठी फोनवर ते 'व्यत्यय आणू नका' असं दिसतं. ते चालू केलं की फोन वाजत नाही. त्यातच आणखी एक बटण असतं: त्याच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला, तर तो वाजू द्यायचा. म्हणजे घरात ठरवता येतं, साध्या कामाला एकदाच लावायचा, जिवावरचं असेल तरच लगेच दुसऱ्यांदा. दुसरी रिंग ऐकली की त्याने गाडी कडेला घ्यायची आणि मग बोलायचं. साध्या बटणांच्या फोनवर ही सोय नसते, तिथे सायलेंट करून फोन पिशवीत टाकणं एवढंच.

मागे बसणाऱ्या बाईने निघायच्या आधी फोन आपल्याकडे मागून घ्यावा. "तुमचे फोन मी घेते" म्हटलं की बहुतेक माणसं देतात. लग्नाला, होळीला सगळ्यांनी मिळून गाडी ठरवतो, तेव्हा भाडं बोलतानाच ड्रायव्हरशी बोलून घ्यावं, "भाऊ, गाडी चालू असताना फोन पुढच्या ताईकडे राहील." निम्म्या वाटेत, तो बोलत असताना, हे सांगायचा धीर होत नाही. आधी सांगितलेलं सोपं जातं. (मालाच्या पिकअपमध्ये माणसं भरून नेणं हा वेगळा विषय, त्यावर एकदा सबंध बोलावं लागेल.)

राहिला प्रश्न आशाताईंचा, अंगणवाडीच्या ताईंचा, गटाचं काम बघत गावोगाव फिरणाऱ्या ताईंचा. त्यांना वाटेत फोन येतात: फोटो पाठवा, आकडा पाठवा, आत्ताच पाठवा. यात एकट्या ताईने न उचलून भागत नाही, कारण वरून बोलणी तिलाच बसतात. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्यावा की ताई प्रवासात असण्याच्या वेळा आधी कळवेल आणि त्या वेळेत तिला कुणी फोन करणार नाही. ठरावाची नक्कल वरच्या कार्यालयाला द्यावी. आणि त्याच बैठकीत, ज्यांच्याकडे मोठे फोन आहेत त्यांनी ते दोनदा वाजण्याचं बटण एकमेकींना लावून दाखवावं. एकीने लावायचं, दुसरीने फोन करून बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे.