गाडीची सांधेदुखी

मोटार जुनी झाली म्हणजे ती बोलूं लागते. इंजिन निरोगी असतें, रंग बरा असतो, दिवे लागतात. परंतु गल्लींतल्या गतिरोधकावरून हळू उतरतांना पुढच्या चाकापाशीं कोठेंतरी ‘खट्’ असा आवाज होतो. घरांतील मंडळी प्रथम तो डिकींत ठेवलेल्या एखाद्या डब्याचा समजतात. पुढें खड्ड्याखड्ड्याला तोच आवाज होऊं लागतो, ब्रेक दाबतांना गाडी एका बाजूस ओढते, आणि टायरची एकच कड अकालीं झिजलेली आढळते. येथवर मजल आली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाडी विकून टाका. दुसरा म्हणतो, इतकीं वर्षें चालली, आणखी कांहीं दिवस चालेल. आम्ही येथें तिसरी बाजू मांडणार आहों. आवाज कोठून येतो तें आधीं पाहावें, आणि तो दोनचार झिजलेल्या रबरी बुशांचा निघाला, तर ते घरींच बदलतां येतात कीं काय, याचा विचार करावा.

शरीराच्या सांध्यांविषयीं लिहितांना सुश्रुताचार्यांनीं शारीरस्थानांत गाडीच्या आंसाची उपमा घेतली आहे. वंगण दिलेल्या आंसावर चाक सुरळीत चालावें, त्याप्रमाणें श्लेष्म्याच्या योगानें सांधे चालतात, असा तिचा आशय. संस्कृत शिकवीत असतांना ही उपमा आम्हांस फार आवडे. मोटारीच्या रबरी सांध्याला मात्र ती लागू पडत नाहीं, आणि हा भेद न कळल्यामुळें पुष्कळ कामें बिघडतात.

चाकाला धरून ठेवणारा जो खालचा लोखंडी बाहू, ज्याला कारखान्यांत लोअर आर्म म्हणतात, त्याच्या आंतल्या टोंकाला एक भोक असतें. त्या भोकांत रबराचा जाड वेढा, आणि रबराच्या पोटांत एक पोलादी नळी, अशी बुशाची रचना असते. नळींतून बोल्ट जातो आणि तो आवळला म्हणजे नळी गाडीच्या सांगाड्याशीं पक्की जखडली जाते. मग आर्म वरखालीं होतो तो कसा? नळी फिरत नाहीं, भोकांत रबर घसरत नाहीं. रबर स्वतःच पिळलें जातें आणि पुन्हा सरळ होतें. खोडरबराचा तुकडा दोन तळहातांमध्यें घट्ट दाबून एक तळहात किंचित् सरकवून पाहावा. रबर घसरत नाहीं, तिरपें होतें, आणि जोर सोडतांच तळहाताला पूर्वस्थानीं ओढतें. बुशाचें सारें शास्त्र एवढेंच आहे. येथें घासणारे पृष्ठभागच नाहींत, म्हणून वंगणालाही काम नाहीं. उलट खनिज तेल लागलें कीं नैसर्गिक रबर फुगतें व मऊ पडतें. कुरकुर थांबविण्यासाठीं बुशावर जुनें इंजिन ऑईल सोडण्याची पद्धत आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिली आहे. ती दुखऱ्या सांध्यावर विष चोळण्यासारखी आहे.

रबराला ही सहनशीलता उपजत नसते. कच्चें रबर उन्हांत चिकट होतें व थंडींत कडक. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापविलेलें रबर हे दोन्ही दोष टाकून देतें असें आढळलें, आणि १८४४ सालीं त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें. या क्रियेला रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून ‘व्हल्कनायझेशन’ असें नांव पडलें. आपण त्याला अग्निसंस्कार म्हणावयास हरकत नाहीं. परंतु संस्कार झाला तरी देह नश्वरच. हवेंतील प्राणवायु व ओझोन यांच्यामुळें रबर वर्षानुवर्षें कडक होत जातें, त्याला बारीक भेगा पडतात, आणि अखेर तें नळीपासून सुटतें. गाडी थोडी चालली म्हणून बुश तरुण राहिला असेल, असें समजूं नये.

आमच्या घरीं १९९७ सालची मारुती ८०० आहे. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत ग्राहकाच्या हातीं पडली, आणि १८ जानेवारी २०१४ पासून तिचें उत्पादन थांबलें. आमची गाडी थोरल्या बंधूंनीं घेतलेली. ती आतां मुख्यतः वहिनींसाठीं आहे. रिक्षांतले धक्के त्यांना सोसवत नाहींत, आणि उंच गाडीच्या पायरीवर त्यांचा गुडघा चढत नाहीं; या बुटक्या गाडींत मात्र त्या स्वतः बसतात व स्वतः उतरतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते, हें वाचकांस ठाऊक असेलच. नोंदणीची वेळ जवळ आली होती आणि पुढून खडखडाट चालला होता. एका कारखान्यांत दाखविली, तेव्हां शॉक अब्सॉर्बर, दोन्ही आर्म, स्टिअरिंगचे सांधे असें सगळेंच बदलण्याची यादी हातीं आली. कोणता भाग झिजला आहे, असें विचारल्यावर ‘गाडीच जुनी आहे’ एवढेंच उत्तर मिळालें. तें निदान नव्हे. बंधूंनीं विक्रीचा विचार बोलून दाखविला. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. मग पुतण्याला व आम्हांला एक रविवार या कामीं लावावा असें ठरलें.

निदानाला हत्यारें थोडीं लागतात, धीर अधिक लागतो. पुढची बाजू उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, आणि आर्मचें आंतलें टोंक व सांगाडा यांच्यामध्यें टॉमी घालून हलक्या हातानें दाबून पाहावें. चांगला बुश किंचित् दबतो व परततो. झिजलेल्या बुशाची नळी भोकाच्या मध्यावरून एका कडेस गेलेली दिसते, रबर फाटून त्याचा काळा भुगा पडलेला असतो, आणि टॉमीच्या दाबानें लोखंडावर लोखंड आपटतें. त्यानंतर चाकाला वर-खालीं व डावे-उजवे हिसके देऊन बॉल जॉइंट, टाय रॉड व चाकाचें बेअरिंग हेही तपासावे, कारण त्यांचा खडखडाट कानाला बुशासारखाच लागतो. या मोटारींत आणखी एका ठिकाणीं विशेष लक्ष द्यावें. पुढून आडवा गेलेला जो वांकडा पोलादी गज, स्टॅबिलायझर बार, तो वळणावर गाडी कलूं देत नाहीं. परंतु त्याचीं दोन्ही टोंकें आर्ममध्यें अडकविलेलीं असल्यामुळें चाकाला मागें-पुढें सरकूं न देण्याचेंही काम तोच करतो. त्याच्या टोंकाचे बुश गेले, कीं ब्रेक लावतांक्षणीं चाक थोडें मागें सरकतें आणि ‘खट्’ होतें. आमच्या गाडीचा अर्धा आवाज येथलाच निघाला.

बॉल जॉइंट ढिला असेल तर मात्र बुशाच्या मागें लागूं नये. या गाडींत तो आर्मपासून वेगळा होत नाहीं. तेव्हां सबंध आर्मच नवा घ्यावा, त्याबरोबर बुश येतोच. आमचे बॉल जॉइंट घट्ट होते व त्यांचीं रबरी टोपणें शाबूत होतीं, म्हणून बुशांवर भागलें. बुश नेहमीं दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. एक पाय नवा व एक पाय जुना असा प्राणी सरळ चालत नाहीं. बाजारांत पॉलियुरेथेनचेही बुश मिळतात व ते टिकाऊ म्हणून विकले जातात. ते कडक असतात, रस्त्याचा प्रत्येक खडा आंत कळवितात, आणि कांहींना ग्रीज द्यावें लागतें. वृद्ध माणसें बसावयाचीं असतील त्या गाडीला आम्ही रबरच पसंत करूं.

कामाला हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट कठोरपणें सांगावीशी वाटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. क्षणभरही नाहीं, हरवलेला नट घेण्यापुरतेंही नाहीं. जमीन सपाट व टणक असावी, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावे, हँडब्रेक ओढावा, आणि गाडीचा भार स्टँडवर घेतल्यावर ती हातानें हलवून पाहावी. विटांच्या चळतीवर विश्वास ठेवूं नये. वीट एकदम फुटते. दुसरें असें, कीं या गाडींत स्प्रिंग शॉक अब्सॉर्बरच्या खांबावर स्वतंत्र बसविलेली असल्यामुळें आर्म काढला तरी ती सुटत नाहीं. ज्या मोटारींत स्प्रिंगचा भार थेट आर्मवर असतो, तेथें आर्म सोडणें म्हणजे दबलेल्या शक्तीला मोकळें सोडणें होय. तशा गाडीचें हें काम घरीं करूं नये.

दोन्ही पुढचीं चाकें एकदम उचलावीं. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो व नट निघतांना उसळी मारतो. गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल आदल्या रात्रींच द्यावें, रबरावर न सांडतां. पुढचा क्रम सरळ आहे. चाक काढावें, बारच्या टोंकाचा नट काढून वॉशर व बुश ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. बॉल जॉइंटची दांडी एका आडव्या बोल्टनें धरलेली असते. तो बोल्ट दांडीच्या खांचेंतून जात असल्यामुळें तो नुसता सैल करून भागत नाहीं, पूर्ण काढावा लागतो. शेवटीं आंतला बोल्ट काढला कीं आर्म हातांत येतो. आमचा उजव्या बाजूचा बोल्ट नळींत गंजून एकजीव झाला होता. त्यानें आमचे दोन तास खाल्ले आणि पुतण्याचा कांहींसा उत्साहही.

जुना बुश काढण्यासाठीं कित्येक जण रबर पेटवून देतात. त्याचा धूर विषारी असतो आणि घराच्या अंगणांत तर हा प्रकार अगदींच निषिद्ध समजावा. भोकाबाहेर आलेली रबराची कड धारदार सुरीनें कापून टाकावी. मग आर्म शेगड्यांत अशा रीतीनें धरावा, कीं एका बाजूस भोकाहून रुंद असा पाइपाचा तुकडा राहील व दुसऱ्या बाजूस भोकांतून जाईल असा अरुंद तुकडा. शेगडा आवळीत गेलें म्हणजे अरुंद तुकडा बुशाला ढकलतो व रुंद तुकडा त्याला पोटांत घेतो. शेगडा नसेल तर लांब आट्यांचा बोल्ट, नट व जाड वॉशर यांनींही हेंच साधतें. ज्या बुशांना बाहेरूनही पोलादी कडें असतें, त्यांचें कडें करवतीच्या पात्यानें आंतून चिरावें लागतें. तेव्हां पातें आर्मच्या भोकाला लागणार नाहीं, याची खबरदारी घ्यावी. भोक स्वच्छ पुसून नवा बुश साबणाचें पाणी लावून दाबावा. साबणाचें पाणी वाळून जातें, तेल राहतें. बुशाची नळी दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आली पाहिजे. आम्ही ती शाळेच्या पट्टीनें मोजली. हातोड्याचे घाव मात्र नळीवर घालूं नयेत.

आतां सर्वांत महत्त्वाची पायरी. आर्म जागेवर बसवून बोल्ट घातले, म्हणजे हात आपोआप पाना घेऊन ते आवळावयास धांवतो. येथें थांबावें. गाडी स्टँडवर असतांना चाकें खालीं लोंबत असतात, आणि आंतला बोल्ट त्या स्थितींत आवळला तर नळी त्याच कोनांत जखडली जाते. मग गाडी जमिनीवर आली कीं आर्म वर उचलला जातो आणि रबर कायमचें पिळलेलें राहतें. गाडी उभी असतांनाही त्याला विश्रांति नाहीं. खड्डा आला कीं पीळ आणखी वाढतो आणि नवा बुश लवकरच फाटतो. ‘नवे बुश टिकत नाहींत’ अशी तक्रार करणाऱ्यांनीं बोल्ट कोठें आवळला होता, हें आधीं विचारावें. म्हणून आंतले बोल्ट हातानें बसते ठेवावे, चाकें लावून गाडी खालीं घ्यावी, पुढून दोनतीन वेळां दाबून हेलकावे द्यावे, आणि बोल्ट अजून सैल आहेत याचें भान ठेवून ती हातानेंच चार हात मागें-पुढें ढकलावी. आम्हीं पुढच्या चाकांखालीं जाड फळ्या ठेवून गाडी त्यांवर चढविली, म्हणजे पाना फिरविण्यास खालीं जागा झाली आणि भार चाकांवरच राहिला. मागच्या चाकांचे ठोकळे व हँडब्रेक पुन्हा पाहून, मगच निर्मात्याच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यावर बोल्ट आवळले. जुन्या स्प्लिट पिना पुन्हा वापरूं नयेत; त्या वांकवून सरळ केल्या कीं मोडतात.

सकाळीं आठाला आरंभ केलेलें काम संध्याकाळीं पांचाला संपलें. अनुभवी कारागिराला याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही वेळ लागला नसता, आणि ज्यांना असा कारागीर लाभला आहे त्यांनीं त्याच्याकडेच जावें. परंतु कोणता बुश बदलावयाचा व बोल्ट कोठें आवळावयाचा, हें त्याच्याशीं बोलण्याइतकें कळलें तरी यादी पुष्कळ लहान होते. आमचा खर्च दोन्ही बाजूंचे बुश, बारचे बुश व नव्या पिना एवढाच झाला. एका नव्या टायरच्या किमतीपुढें तो किरकोळ होता.

आर्म काढला कीं चाकांची दिशा थोडी तरी बदलण्याचा संभव असतो, म्हणून दुसऱ्या दिवशीं चाकांचें संरेखन करणाऱ्याकडे जाऊन टो तपासून घ्यावा. तेथवर गाडी हळू न्यावी व ब्रेक रिकाम्या रस्त्यावर एकदोनदां लावून पाहावा. शंभरएक किलोमीटर झाल्यावर प्रत्येक नटावर पुन्हा पाना ठेवून तो हलत नाहीं याची खात्री करावी, आणि त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा व तारीख गाडीच्या कागदांत लिहून ठेवावी.