मुद्दाम घडवलेला अपघात

फ्रान्सच्या दक्षिणेला, दुरान्स नदीच्या काठावर कादाराशचे अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या फेबस या प्रायोगिक अणुभट्टीत डिसेंबर १९९३ मध्ये सुमारे मीटरभर लांबीच्या वीस इंधनकांड्यांची एक जुडी बसवण्यात आली. जगभरचे अणुअभियंते जे कधीच घडू नये म्हणून झटतात, ते इथे घडवायचे होते. या कांड्या वितळवायच्या, आणि त्यातून काय, कधी व कुठे बाहेर पडते ते मोजायचे.

या धाडसाची गरज पटवली ती अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताने. २८ मार्च १९७९ रोजी तिथली एक झडप उघडीच राहिली, पाणी निघून जात राहिले आणि भट्टीच्या गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. हे कळायलाही तीन वर्षे लागली. १९८२ मध्ये आत कॅमेरा सोडला, तेव्हा जिथे इंधन असायला हवे तिथे पोकळी दिसली. पुढे उलगडले की सुमारे वीस टन वितळलेला माल पोलादी पात्राच्या तळाशी जाऊन थिजला होता. सुदैवाने पात्र फुटले नाही. किरणोत्सारी आयोडिनही बाहेर अगदीच थोडे गेले. त्यामुळे एक समज पक्का होत गेला, की आयोडिन सिझियमशी संयोग पावते, ते संयुग पाण्यात विरघळते आणि हवेत फारसे काही उरत नाही.

पण एका अपघातावरून बांधलेल्या समजावर किती विसंबायचे?

भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहते. विखंडनातून तयार झालेल्या मूलद्रव्यांच्या ऱ्हासामुळे सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. पाणी नसेल तर कांड्यांवरचे झिर्कोनियमचे आवरण बाराशे अंश सेल्सिअसच्या पुढे वाफेशी झपाट्याने प्रक्रिया करते. त्यातून आणखी उष्णता निर्माण होते, हायड्रोजनही सुटतो. मग आवरण, नियंत्रक कांड्या, पोलाद आणि इंधन यांचा मिळून जो तप्त रस बनतो, त्याला कोरियम म्हणतात. शुद्ध युरेनियम ऑक्साइड वितळायला सुमारे २,८५० अंश लागतात. कोरियम मात्र पाठ्यपुस्तकातल्या या आकड्याची वाट पाहत नाही.

फ्रान्सची अणुसुरक्षा संस्था आणि युरोपीय आयोग यांनी १९८८ मध्ये फेबसचा हा कार्यक्रम हाती घेतला. अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंडही त्यात आले. प्रयोगाची मांडणी म्हणजे ९०० मेगावॉटच्या दाबयुक्त पाण्याच्या भट्टीची पाच हजारपट लहान प्रतिकृती होती. जुडीच्या मधोमध नियंत्रक कांडी, भोवती फेबसचा स्वतःचा गाभा. त्याच्या न्यूट्रॉनांनी जुडी तापायची. वर निघालेली वाफ आणि कण आधी सातशे अंशांच्या नळीतून, मग बाष्पजनित्राच्या उलट्या यू आकाराच्या नळीतून थंड होत दहा घनमीटरच्या टाकीत पोचायचे. ही टाकी म्हणजे भट्टीभोवतीच्या सुरक्षा इमारतीची छोटी आवृत्ती. पुढच्या चाचण्यांत बेल्जियममधल्या एका भट्टीत वापरलेले इंधनही आणले गेले. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य आठच दिवसांचे, म्हणून ते ताजे मिळावे यासाठी चाचणीआधी इंधन फेबसमध्ये पुन्हा किरणित करत. तापवण्या-वितळवण्याचे काम काही तासांत आटपे. टाकीतले रसायन मात्र पुढे कित्येक दिवस न्याहाळले जाई.

१९९३ ते २००४ या काळात पाच चाचण्या झाल्या. पहिल्याच चाचणीत संगणकी भाकितांपेक्षा जास्त इंधन वितळले. आवरणाशी होणाऱ्या प्रक्रियेमुळे कांड्या अपेक्षित तापमानाच्या शेकडो अंश आधीच कोसळत होत्या. आयोडिननेही धक्का दिला. सिझियमचा मोठा वाटा मॉलिब्डेनमशी जुळत होता, म्हणून आयोडिनचा काही भाग वायुरूपातच टाकीत पोचत होता. दुसरीकडे नियंत्रक कांडीतून बाहेर पडलेली चांदी टाकीच्या तळच्या पाण्यात उतरून आयोडिनला घट्ट धरून ठेवत होती. नोव्हेंबर २००४ च्या शेवटच्या चाचणीत चांदीऐवजी बोरॉन कार्बाइडची कांडी घातली, तेव्हा वायुरूप आयोडिनचे प्रमाण खूप वाढले. इंधन तेच, पण नियंत्रक कांडीतला पदार्थ बदलताच हवेतले विषही बदलले.

महाराष्ट्रासाठी ही माहिती दूरची नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. जपानमध्ये २०११ साली अपघात झालेल्या फुकुशिमाच्या भट्ट्याही याच कुळातल्या, आणि या कुळाच्या नियंत्रक पात्यांत बोरॉन कार्बाइडच असते. फेबसची रचना दाबयुक्त पाण्याच्या भट्टीची असल्यामुळे तिचे आकडे जसेच्या तसे तिथे लावता येत नाहीत, पण धोका कुठे शोधायचा ते कळते.

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला प्रस्तावित असलेल्या फ्रेंच ईपीआर भट्ट्यांच्या रचनेत सुमारे १७० चौरस मीटरची एक फरशी असते. पात्र फुटलेच तर कोरियम तिच्यावर पातळ पसरावे आणि खालून पाण्याने थंड व्हावे, अशी ती योजना. तप्त रस खरोखर कसा पसरतो, हे कादाराशच्याच व्हल्कॅनो प्रयोगशाळेत क्षीण युरेनियम वितळवून तपासले गेले.

खरा नमुना मिळणे आजही किती कठीण आहे, हे फुकुशिमाने दाखवले. तिथे तीन भट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन वितळलेला अवशेष साचला आहे. २०११ च्या अपघातानंतर त्यातला पहिला तुकडा बाहेर यायला नोव्हेंबर २०२४ उजाडले, आणि त्याचे वजन एक ग्रॅमही नव्हते. म्हणूनच अपघाताचे गणित मांडणाऱ्या संगणक प्रणाली अजून फेबसच्या मोजमापांवर घासून पाहिल्या जातात. सुरक्षा इमारतीतला दाब सोडताना गाळणीने काय अडवायला हवे, किती अंतरावरची गावे रिकामी करायची आणि मुलांना आयोडिनच्या गोळ्या किती तासांच्या आत द्यायच्या, हे निर्णय अशाच गणितांच्या आधारे घेतले जातात.