बॉनेटखाली – ११ : व्हॉल्ववरचा कार्बन आणि अक्रोडाची टरफलं

टर्बो पेट्रोल गाडी घेतलेल्या वाचकांचा एक प्रश्न वारंवार येतो. सर्व्हिसला गाडी दिली की ‘इंजिन डीकार्बन करून घ्या’ असं सुचवलं जातं. करावं का? उत्तर हो किंवा नाही इतक्यात संपत नाही, कारण कार्बन कुठे साचलाय यावर सगळं अवलंबून आहे.

टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्यांना कार्बन काढणं नवीन नाही. सायलेन्सर उतरवायचा, एक्झॉस्ट पोर्ट खरवडायचा, की स्कूटर पुन्हा पळायला लागायची. तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे, ते अर्धवट जळे आणि धुराच्या वाटेवर काजळी धरे. आजच्या टर्बो पेट्रोल गाडीत अडचण नेमकी उलट्या बाजूला आहे. इथला त्रासदायक कार्बन हवा आत येण्याच्या वाटेवर, इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर बसतो. तिथे आगच पोचत नाही.

मग आग नसलेल्या जागी कार्बन येतो कुठून? इंजिन चालू असताना पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. त्यात ऑइलची सूक्ष्म वाफ मिसळते. पूर्वी ती वाफ सरळ बाहेर हवेत सोडून देत. प्रदूषणाचे नियम आल्यावर ती पीसीव्ही यंत्रणेमार्फत परत इनटेकमध्ये वळवली गेली, आणि ते योग्यच झालं. मात्र ती वाफ वाटेत गरम व्हॉल्ववर आदळते. शिवाय व्हॉल्वची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते तिथूनही ऑइलचा ओलावा उतरतो. दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा जळालेला गॅस काजळीसह थोडा मागेही येतो. तापल्या धातूवर तेल पुन्हा पुन्हा भाजलं की काय होतं, हे कढईच्या बाहेरच्या बाजूला धरलेला काळा थर घासणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हे सगळं जुन्या एमपीएफआय इंजिनातही होत होतं. फरक पेट्रोलच्या वाटेचा आहे. एमपीएफआयमध्ये इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये बसतो आणि पेट्रोलचा फवारा थेट व्हॉल्वच्या पाठीवर पडतो. पेट्रोल आणि त्यातली डिटर्जंट रसायनं व्हॉल्व सतत धूत राहतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर सिलिंडरच्या आत तोंड करून बसतो आणि दोनशे-साडेतीनशे बारच्या दाबाने पेट्रोल थेट ज्वलनकक्षात सोडतो. व्हॉल्वजवळून फक्त हवा जाते. आंघोळच बंद झाली, तर मळ साचणारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या बाबतीत टर्बोला दोष देणं चुकीचं आहे. ऑडीच्या २००६च्या सुमाराच्या आरएस४ गाडीत ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन होतं. त्याला टर्बो नव्हता, पण डायरेक्ट इंजेक्शन होतं, आणि व्हॉल्ववरच्या कार्बनसाठी ते चांगलंच बदनाम झालं. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, रिंगांतून झिरपणारा गॅस वाढतो, म्हणजे तो भर घालतो. मूळ कारण मात्र पेट्रोलची बदललेली वाट. मग कंपन्यांनी ही वाट बदललीच का? सिलिंडरच्या आत फवारलेलं पेट्रोल बाष्प होताना आतली हवा थंड करतं, त्यामुळे इंजिन नॉक न होता जास्त बूस्ट सोसतं. ९९९ सीसीच्या टीएसआय इंजिनातून ११५ पीएस निघतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनमधली टीएसआय इंजिनं, वेन्यूमधलं टी-जीडीआय, फ्राँक्समधलं बूस्टरजेट, एक्सयूव्ही ३एक्सओमधलं टीजीडीआय ही सगळी डायरेक्ट इंजेक्शनची. मॅग्नाइट किंवा कायगरमधलं एक लिटरचं टर्बो इंजिन मात्र पोर्ट इंजेक्शनचं. तुमची गाडी दुसऱ्या गटातली असेल, तर हा लेख माहितीसाठी वाचा, खर्चासाठी नको.

टोयोटाने यावर एक सुंदर तोडगा काढला. २००५ साली लेक्ससच्या व्ही६ इंजिनात त्यांनी प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक सिलिंडरमध्ये, एक पोर्टमध्ये. त्या व्यवस्थेचं नाव डी-४एस. दोन्हींचे फायदे मिळतात आणि व्हॉल्वही धुतले जातात. खर्च वाढतो, म्हणून स्वस्त गाड्यांत ते सहसा दिसत नाही.

आता लक्षणं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की आयडलिंगला गाडी थरथरते, एखादं मिनिट मिसिंग मारते आणि गरम झाली की शांत होते. पिकअप हळूहळू मंदावतो. इतका हळू, की मालकाला त्याची सवय होऊन जाते. पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०३०१, पी ०३०२ असे मिसफायरचे कोड येतात. कारण सोपं आहे. खडबडीत थरामुळे आत येणाऱ्या हवेचा भोवरा बिघडतो, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये तो वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतो.

पण नेमकी हीच लक्षणं झिजलेल्या स्पार्क प्लगची, खराब इग्निशन कॉइलची, फाटलेल्या पीसीव्ही डायाफ्रामची आणि कुठे हवा गळत असली तरी त्याचीही असतात. म्हणून आधी स्वस्त तपासणी. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावायची. कोडही दुसऱ्याकडे सरकला तर दोष कॉइलचा. प्लग बघायचे. मग बारीक बोरोस्कोप कॅमेरा इनटेकमधून आत घालून व्हॉल्वची पाठ प्रत्यक्ष पाहायची. अमुक किलोमीटर झाले की साफ कराच, असा सर्व गाड्यांना लागू नियम नाही. फोटो न दाखवता कुणी डीकार्बन सुचवत असेल, तर त्याला फोटो मागा. तो तुमचा हक्क आहे.

साफ करण्याच्या पद्धतींतही फार गोंधळ घातला जातो. टाकीत ओतायचं औषध इंजेक्टरसाठी चांगलं असेल, पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते व्हॉल्वला शिवतच नाही. ई२० पेट्रोलचंही तसंच. हल्ली पाण्यापासून हायड्रोजन बनवून तो इनटेकमध्ये सोडणारी मशीनं गावोगावी दिसतात. तो गॅस जळतो सिलिंडरमध्ये. व्हॉल्वच्या पाठीवरून तो न जळताच पुढे जातो. पिस्टनच्या माथ्यावर थोडा परिणाम होईलही, पण भाजून दगड झालेला थर त्याने निघेल ही अपेक्षा मला चुकीची वाटते. इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये मारायचे स्प्रे मऊ, ताज्या थरावर काही प्रमाणात चालतात. जुन्या जाड थरावर मात्र जपून, कारण सुटलेला कडक तुकडा एक्झॉस्टमधून टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळू शकतो.

खात्रीचा उपाय कष्टाचा आहे: अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा दाबाच्या हवेने मारणं. बीएमडब्ल्यूच्या २००६ साली आलेल्या एन५४ टर्बो इंजिनामुळे ही पद्धत गाडीवाल्यांना घरोघरी माहीत झाली. टरफलं कार्बन फोडण्याइतकी कडक, पण व्हॉल्वच्या पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असतात. वाळू इथे कधीही नको. एक कण जरी आत राहिला तरी सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढील.

काम असं चालतं. इंजिन थंड करायचं, पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडायचा, इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा. उघडी पोर्ट लगेच बंद करायची, कारण आत पडलेला एक नट पूर्ण हेड खोलायला लावतो. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरवायचं, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, आणि ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व पूर्ण बंद झाल्याची खात्री करायची. सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत हीच चुकते. जुने कारागीर पोर्टमध्ये थोडं सॉल्व्हंट ओततात. ते तिथेच थांबलं तर व्हॉल्व बंद, खाली उतरलं तर उघडा. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रमाने पुढच्या सिलिंडरकडे जायला क्रँक २४० अंश फिरवावा लागतो, चारच्या इंजिनात १८०. पोर्टच्या तोंडावर अडॅप्टर बसवतात. त्यातून एका बाजूने भुगा आत जातो आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनर तो ओढून घेतो. अधूनमधून थांबून कॅमेऱ्याने बघायचं. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असलेल्याने हे काम करू नये.

शेवटी प्रत्येक पोर्ट हवेने फुंकून, व्हॅक्यूमने ओढून निर्मळ करायचं, नव्या गास्केट घालायच्या आणि जुन्या वाचवायच्या नाहीत. नीट झालेल्या कामाचा फरक दुसऱ्या सकाळी पहिल्याच स्टार्टला कळतो. गाडी थरथरत नाही. व्हॉल्वचे आधीचे आणि नंतरचे फोटो मेकॅनिककडून मागून घ्या आणि सर्व्हिसच्या कागदांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी थर किती वेगाने धरला, ते त्यावरूनच कळेल.

थर पूर्ण थांबवता येत नाही, त्याचा वेग कमी करता येतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नेमक्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदला. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन किलोमीटर इतकंच गाडीचं चालणं असेल, तर ऑइल पुरेसं तापत नाही आणि त्यातलं पाणी, पेट्रोल बाहेर पडत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी हायवेवर नीट गरम होईपर्यंत चालवा. ऑइल कॅच कॅन बसवण्याचा सल्लाही बरेच देतात. तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो आणि वॉरंटीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी कंपनीकडे विचारा. हा कॅच कॅन नेमकं काय अडवतो, आणि पीसीव्हीचा डायाफ्राम फाटला की गाडी शिट्टी का मारते, ते पुढच्या आठवड्यात.