रेडवुडचें अरण्य आणि सागरतटाचे कडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून येणारे आईबाप आतां आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांत आढळतात. तेथें शनिवार उजाडला, कीं चिरंजीव अथवा सूनबाई सुंदर सुंदर छायाचित्रें पुढें करून 'आज कोठें जावयाचें?' असें विचारतात. वडील मंडळी संकोचानें 'तुम्ही न्याल तेथें' म्हणतात, आणि दुपारीं कोठल्याशा चढणीवर गुडघे धरून बसतात. स्थळाची निवड सर्वस्वीं मुलांवर टाकूं नये, असें आमचें मत आहे. कारण छायाचित्रांत चढ दिसत नाहीं.

सकाळीं निघून सायंकाळीं परत यावें अशीं तेथील स्थळें मुख्यतः दोन जातींचीं : रेडवुड वृक्षांचीं अरण्यें आणि समुद्रावरील कडे. दोहोंचा धनी एकच, तें म्हणजे धुकें. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हां तेथें पावसाचा थेंब बहुधा पडत नाहीं. परंतु थंड समुद्रावरून धुक्याचे लोट आंत येतात, वृक्षांच्या बारीक पानांवर थबकतात आणि ठिबकून मुळांशीं पोंचतात. पानेंही तें पाणी थोडेंबहुत शोषून घेतात. म्हणूनच हा वृक्ष समुद्रालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यांतच वाढतो. यावरून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी, कीं जून-जुलैंत सकाळीं कड्यावर गेल्यास शुभ्र पडद्यापलीकडे बहुधा कांहींच दिसावयाचें नाहीं. सकाळ अरण्याला द्यावी आणि दुपार समुद्राला. सप्टेंबर-ऑक्टोबरांत आकाश पुष्कळदां निरभ्र असतें. तरी शाल व कानटोपी मात्र बारा महिने बरोबर असावी. घरीं घाम येत असतां तेथें हुडहुडी भरते.

या वृक्षांपैकीं सर्वांत उंच म्हणून मोजलेला सुमारें ३८० फूट आहे. एवढ्या प्रचंड देहाचीं मुळें मात्र जेमतेम सहा ते बारा फूट खोल जातात! तीं आडवीं शंभर शंभर फूट पसरून शेजारच्या वृक्षांच्या मुळांत गुंततात, आणि वाऱ्यापुढें सारे एकमेकांच्या आधारानें उभे राहतात. जुना वृक्ष पडला, तर त्याच्या बुंध्याभोंवतीं कोंब फुटून पोरसवदा वृक्षांचें कडें तयार होतें. पायथ्याशीं जी हिरवी भाजी पसरलेली दिसते, ती आपल्या आंबुशीचीच भावंड. उन्हाची तिरीप पडतांच ती पानें मिटते. वांकून पाहावी, तोडूं नये. तेथें पान तोडण्यासही मनाई आहे.

सर्वांत प्रसिद्ध अरण्य म्यूर वुड्स. विल्यम केंट नांवाच्या गृहस्थानें सरकारास दिलेल्या या जागेस १९०८ सालीं राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ओढ्याकांठची वाट सपाट, बरीचशी फळ्यांची. पूल ओलांडून हवें तेथून परततां येतें. वृद्धांस ही सोय मोठीच. परंतु गर्दी फार, आणि २०१८ पासून मोटार ठेवण्याची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. तेथें फोन चालत नाहीं, तेव्हां पावती घरूनच उतरवून न्यावी. बिग बेसिन हें १९०२ सालचें उद्यान. २०२० च्या वणव्यांत त्याचा जवळजवळ सर्व भाग होरपळला. काळ्या ठिक्कर बुंध्यांतून फुटलेली हिरवी पालवी पाहण्याजोगी खरी, पण पूर्वीची दाट छाया तेथें उरलेली नाहीं.

आमची पसंती सांता क्रुझजवळच्या हेन्री कॉवेल उद्यानास. पुरातन वृक्षांमधून फिरणारी पाऊण मैलाची सपाट वर्तुळाकार वाट. एका बुंध्याच्या पोकळींत तर चार-पांच माणसें सहज मावतात. तेथें डबे सोडावे, आणि अर्ध्याएक तासाच्या मोटारप्रवासानें वाइल्डर रँच गांठावें. ओल्ड कोव्ह लँडिंग नांवाची तेथील वाट जाऊन-येऊन अडीच मैलांची, शेतें व समुद्र यांच्या मधून जाणारी. खालीं खडकांवर सील निवांत पहुडलेले दिसतात. अरण्य आणि सागर दोन्ही एका दिवसांत, आणि गुडघ्यांची तक्रार नाहीं.

उलट पुरिसिमा क्रीकचें अरण्य कितीही रम्य असलें, तरी डोंगरमाथ्यावरील फाटकांतून तेथें शिरूं नये. आधीं दीड हजार फुटांचा उतार लागतो. उतरतांना सारेच तरुण असतात. थकल्यावर तोच चढ चढावा लागतो. हाफ मून बेच्या बाजूनें, खालून, ओढ्याकांठानें शिरावें. मग वाटेल तेथून मागें फिरतां येतें. वाट किती मैलांची हें मुलें सांगतातच. चढ किती आणि तो जातांना कीं येतांना, हें आपण विचारावें. पॉइंट रेझच्या दीपगृहाला हाच न्याय लागूं आहे : तीनशेंहून अधिक पायऱ्या प्रथम उतरावयाच्या असतात. डिसेंबर ते एप्रिल या काळांत देवमासे मात्र वरूनही दिसतात.

कड्यांविषयीं आम्ही थोडे कठोर आहों. हे कडे ठिसूळ असून लाटा त्यांस खालून पोखरीत असतात. वर गवत दिसतें, खालीं पोकळी असते. २०१५ च्या मार्चमध्यें पॉइंट रेझ येथील आर्च रॉकचा कडा कोसळून दोन माणसें खालीं गेलीं; त्यांतील एकाचा प्राण गेला. छायाचित्रासाठीं नातवंडांना कडेला उभें करावयाचें नाहीं, हें घरून निघतांनाच ठरवावें. तेथें गेल्यावर कोणी ऐकत नसतें. वाळूवर उतरल्यास समुद्राकडे पाठ करूं नये. बराच वेळ शांत असलेल्या पाण्यांतून एखादी लाट अकस्मात् दूरवर चढून येते आणि माणसाला ओढून नेते.

राहतां राहिली एक वनस्पति, पॉयझन ओक. तिचीं पानें तीन-तीन असतात, आणि त्रिदल दिसलें कीं आपल्या मंडळींचा हात सवयीनें पुढें होतो! तिच्या तेलकट चिकानें अंगावर फोड उठून दिवसचे दिवस आग होते. शरद ऋतूंत ती सुरेख लाल होते. हिवाळ्यांत पानें झडलीं तरी नुसती काटकीही बाधते. म्हणून वाटेच्या मधोमध चालावें, पाय पुरते झांकलेले असावे, लुगड्याचा पदर अथवा धोतराचा सोगा झुडपांना घांसूं देऊं नये, आणि घरीं परततांच ते कपडे निराळे धुवावे.